ओमेरचं धुराडं

वरची आळी, गेरार्ड्सबर्गन
६ नोव्हेंबर २०२२

ओमेर,

आज सकाळी पडदा बाजूला केला तर तुमचं खालचं गाव नाहीसं झालं होतं. डेंडर नदी नाही, पूल नाही, स्टेशन नाही. नुसतं दाट पांढरं धुकं आणि त्यातून वर आलेला चर्चचा शेंडा. वर माझ्याकडे मात्र लख्ख ऊन. मी अंगणात खुर्ची टाकून, कोटाची बटणं उघडी ठेवून आरामात कॉफी प्यायले. हे तुला जळवायला सांगतेय, हे तुला कळलंच असेल.

आता भांडण. एक नोव्हेंबरला इर्माच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी आली, पण फुलवाल्याच्या गाडीतून आली. नवरा आला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा! मी माझ्या बहिणीपाशी कुबडी टेकून तासभर उभी होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की आमच्या भावजींचा गुडघा धरलाय. तुझ्यासाठी मी दफनभूमीत उभं राहून थापा मारल्या. खरं काय ते आता तू सांग. फोन करू नकोस. माझं कानाचं यंत्र फोनवर शिट्टी मारतं आणि तू फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाहीस.

सोबत एक पांढरी डबी पाठवतेय. वाचनालयात वाटत होते, मी दोन उचलल्या. खिडकीबाहेर टांगायची, वायर आत घेऊन भिंतीत खुपसायची, बस. ती हवा मोजते आणि आकडे आपले आपण पाठवते. मग गावाच्या नकाशावर तुझ्या घराचा ठिपका उमटतो. हवा चांगली असली तर हिरवा, बरी असली तर पिवळा, वाईट असली तर लाल आणि फारच वाईट असली तर जांभळा. माझ्या टॅबलेटवर मला सगळं दिसतं. बघू या, कोणाची हवा चांगली ते.

आणि फेब्रुवारीत पिंप पेटवून हिवाळ्याला निरोप देतात, त्या जाळाला तू वर येतोयस. एक्कावन्न वर्षं आपण टेकडीवर त्या जाळापाशी उभे राहतोय. आधी चौघं, मग माझा रोलां गेल्यावर तिघं, आता दोघं. नवा खुबा बसवल्यापासून डॉक्टरनं मला उतार उतरायला बंदी केलीय, नाहीतर तुला कान धरून आणला असता. खोकला गेला का?

लिओन्तिन

•

नदीकाठ
११ नोव्हेंबर

वारा नाही. धुकं सकाळी दहापर्यंत, मग फिका उजेड. पाणी नेहमीइतकं.

मेव्हणीबाई,

अडतीस वर्षं बोटींसाठी नदीवरची दारं उघडली-लावली आणि रोज वहीत हवामान लिहिलं. हात आता दुसऱ्या कशानं सुरुवात करत नाही.

एक तारखेला धुराडं साफ करणारा येणार होता. सकाळी येतो म्हणाला, चार वाजता आला. म्हणून राहिलं.

डबी मिळाली. मागच्या वरच्या खिडकीत टांगलीय, कारण खिळा तिथेच होता. धुराड्याच्या शेजारी असल्यामुळे तिला पावसाचा आडोसाही आहे.

आमच्या हवेची काळजी करू नकोस. गॅसचा दर ऐकून निम्मं गाव लाकडाकडे धावतंय, मी आधीपासूनच तिथे बसलेलो आहे. अंगणात दोन हिवाळ्यांचं ओक रचून ठेवलंय. तुझ्या वडिलांची लोखंडी शेगडी अजून ठणठणीत आहे. सहाला पेटवतो, दहाला झोपतो. टेकडीवर ऊन असेल, पण असली ऊब नाही.

खोकला धुक्याचा आहे. धुकं गेलं की जाईल.

ओमेर

•

वरची आळी
२२ नोव्हेंबर

ओमेर,

एक नोव्हेंबरला अख्ख्या बेल्जियमला सुट्टी असते. त्या दिवशी तुझ्याकडे कोण धुराडंवाला आला होता, भूत? मेलेल्यांचाच सण होता म्हणा, असेलही. अरे, थाप मारायची तर निदान कॅलेंडर बघून मार. चाळीस वर्षं लोकर-बटणांचं दुकान चालवलंय मी. उसवलेला धागा मला लांबूनच दिसतो.

तुझा ठिपका काय सांगावा! दिवसभर पिवळा असतो, पण संध्याकाळी सहा वाजले की जांभळा, आणि दहापर्यंत तसाच. घड्याळ लावून घ्यावं इतका नेमका. मी नकाशा उघडते आणि म्हणते, बिच्चारा ओमेर, खालच्या गावात जन्मला, तिथेच कुजला. सहाला कामावरून सगळ्या मोटारी परत येतात, त्यांचा धूर तुझ्या त्या खोलगट गल्लीत तुंबत असणार. माझा ठिपका हिरवागार. फारच अभिमान वाटतो.

माझ्या तब्येतीचं म्हणशील तर डॉक्टरनं रक्त तपासलं आणि तळलेले बटाटे बंद केले. आता महिनाभर मी उकडलेल्या भाज्यांवर आहे. रोलां असता तर त्यानं घर सोडलं असतं. पण मी मन घट्ट केलंय. तू माझ्याकडून काहीतरी शिक.

नाताळात ये. आधीच सांगते, म्हणजे त्या भुताला दुसरी तारीख देता येईल.

लिओन्तिन

•

नदीकाठ
१६ डिसेंबर, शुक्रवार

वारा ईशान्य, अगदी हलका. पहाटे उणे सात. नदीच्या कडेला बर्फाची साय.

मेव्हणीबाई,

तुझ्या उकडलेल्या भाज्यांबद्दल आदर वाटला. मग एका मुलीनं मला तिच्या फोनवर तुझा ठिपका दाखवला.

गेला शुक्रवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं: हिरव्यावरून एकदम लाल. एक वाजता पुन्हा हिरवा. मी तिला मागचं दाखवायला लावलं. त्याच्या आधीचा शुक्रवार, बारा वाजून पाच. त्याच्या आधीचा, सव्वाबारा. मी विचारात पडलो, टेकडीवर शुक्रवारी दुपारी असा कुठला कारखाना सुरू होतो? मग आठवलं. घरात वास नको म्हणून तू तळणीची कढई मागच्या खोपटात ठेवतेस. आणि डबी टांगलीस त्या खोपटाच्याच झरोक्यावर. खिळा तिथेच होता ना?

चरबीत दोनदा तळतेस, हेही दिसतं. बारीक दोन उंचवटे येतात. पहिला शिजवायचा, दुसरा कुरकुरीत करायचा.

मन घट्ट केलंस हे खरं. कढईसुद्धा घट्ट धरलीयस.

ओमेर

•

वरची आळी
२० डिसेंबर

मेल्या,

असा पाणउतारा गेल्या वीस वर्षांत कोणी केला नव्हता. हो, खाते. शुक्रवारी, एक बशी, वर मेयोनीज घालून. आठवड्यातून एकदा देवसुद्धा दुसरीकडे बघतो. डॉक्टरला सांगितलंस तर तुझ्या धुराडंवाल्या भुताची गोष्ट मी अख्ख्या बाजारात सांगेन. डबी आज पुढच्या खिडकीत हलवली. आता बघ काय बघायचंय ते.

पण थांब. ही मुलगी कोण? तुझ्या घरात बसून तुला फोनवर ठिपके दाखवणारी, आणि मागचं दाखव म्हटल्यावर मागचं दाखवणारी, एवढी धीराची मुलगी कोण? तुझ्या पत्रात इतकं नाजूक वाक्य आजवर आलं नव्हतं. वय काय, काम काय, नाव काय?

पंचवीसला दुपारी एक वाजता ये. आलुबुखार घालून ससा शिजवतेय. त्या मुलीला यायचं असेल तर सशाचे तीन भाग करीन. तुला चढ चढवत नसेल तर टॅक्सी कर.

लिओन्तिन

•

नदीकाठ
४ जानेवारी २०२३

वारा नैऋत्य, जोरदार. नववर्षाच्या दिवशी पंधरा अंश. जानेवारीत पंधरा अंश मी वहीत कधीच लिहिले नव्हते. फटाक्यांचा वास दोन तारखेपर्यंत.

लिओन्तिन,

पंचवीसला आलो नाही, माफ कर. जिन्याला रंग लावत होतो आणि ओल्या रंगावरून खाली उतरता येईना. ससा चांगला झाला असेल.

टॅक्सीचं म्हणशील तर त्या दगडी चढावर मी आजवर कधी गाडीनं आलेलो नाही. येईन तर पायी येईन.

मुलीचं नाव लीसेलोत. वय तीसच्या आसपास. कामं करते. मंगळवारी आणि शुक्रवारी येते.

तू खाली येऊ नकोस. घरभर रंगाचा वास आहे आणि तुझा खुबा नवा आहे. पायऱ्या अजून चिकटतात.

ओमेर

•

वरची आळी
२७ जानेवारी

ओमेर,

तीन आठवडे झाले. आता रंग वाळला असेल, नाहीतर तो रंग नसून मध असेल.

एक सांगायचंय आणि ते चिडवणं नाही, म्हणजे थोडंसंच आहे. बेकरीतल्या मार्थानं सांगितलं की मंगळवार-शुक्रवार सकाळी तुझ्या दारात एक पांढरी मोटार उभी असते आणि तीतून तरतरीत, केस वर बांधलेली बाई उतरते. अर्धा तास आत असते. मार्थाला तिच्या गल्ल्यावरून सगळी गल्ली दिसते, हे तू विसरलास.

मी तीन रात्री यावर विचार केला. पहिल्या रात्री मला हसू आलं. दुसऱ्या रात्री राग आला, इर्माच्या वतीनं. तिसऱ्या रात्री मी इर्मालाच विचारलं, आणि ती जे म्हणाली असती तेच तुला लिहितेय. सहा वर्षं खूप झाली, ओमेर. कोणी सोबतीला आलं असेल तर मला चोरून ठेवायची गरज नाही. एवढ्यासाठी तू थडग्यावर यायचं टाळलंस का? माझ्या तोंडाकडे बघायला लाजलास का? वेडा कुठला. तिशीची आहे म्हणजे जरा घाईच केलीस, पण ते तू आणि ती बघा.

सव्वीस फेब्रुवारीला तिला टेकडीवर घेऊन ये. मिरवणुकीत पाव फेकतात तेव्हा एखादा झेल तिच्यासाठी. मी तिला जागा करीन. पण तू ये. त्या जाळापाशी मी एकटी उभी राहिले तर लोक मलाही हिवाळ्याबरोबर निरोप देतील.

तुझी मेव्हणी
लिओन्तिन

•

नदीकाठ
१० फेब्रुवारी

वारा नाही. धुकं. थंडी.

लिओन्तिन,

उशिरा लिहितोय. जरा सर्दी झाली होती, बाकी सगळं ठीक. घराबाहेर पडलो नाही. आत्ता सहा वाजलेत, शेगडी पेटवली आहे आणि तिच्यापाशी बसून हे लिहितोय. लाकूड छान कोरडं आहे, चांगलं पेटतंय.

लीसेलोतबद्दल तुझा घोटाळा झालाय, पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

जाळाचं बघू. बहुतेक जमेल.

ओमेर

•

वरची आळी
१५ फेब्रुवारी

ओमेर,

आठवडाभर इतकं धुकं आहे की मला माझं स्वतःचं फाटक दिसत नाही. सगळं गाव नकाशावर लाल आहे, वर-खाली कसलाच फरक नाही. रेडिओवर रोज सांगतात, लाकूड जाळू नका, जोरात चालवू नका, म्हाताऱ्यांनी घरात बसा. म्हणून मी घरात बसले आणि तुझा ठिपका बघत बसले.

नोव्हेंबरपासून गेल्या आठवड्यापर्यंत एकही संध्याकाळ चुकली नाही. सहाला जांभळा, दहाला उतरता. मी मूर्ख, मोटारींना शिव्या देत होते. मोटारी रविवारीसुद्धा सहालाच परत येतात का? तुझ्या पत्रात तूच लिहिलंयस, सहाला पेटवतो, दहाला झोपतो. आणि डबी धुराड्याशेजारी. तू माझी कढई पकडलीस आणि मला तुझी शेगडी तीन महिने दिसली नाही. माझ्या डोक्याचा खुबा बदलायला हवा.

पण ते नंतर. सात तारखेपासून तुझा ठिपका सहाला जांभळा होत नाही. आठला नाही, नऊला नाही. दहा फेब्रुवारीला संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे ज्या घटकेला तू पेटत्या शेगडीपाशी बसून मला पत्र लिहीत होतास, तुझा ठिपका तुझ्या सगळ्या गल्लीसारखाच होता, कणभरही जास्त नाही. तुझी शेगडी नऊ दिवस थंड आहे. या थंडीत. आणि तू घराबाहेर पडला नाहीस म्हणतोस.

मी फोन केला. अकरा वेळा. वाजत राहिला.

मी चिडवायला लिहीत नाहीये. कुठे आहेस तू?

लिओन्तिन

•

नदीकाठ
१९ फेब्रुवारी

वारा पश्चिम, मध्यम. धुकं गेलं. सोळापासून शेतकऱ्यांना शेतात पातळ शेणखत सोडायची परवानगी मिळाली, तेव्हापासून सगळं गाव गोठ्यासारखं घमघमतंय. डॉक्टर म्हणतात, खिडकी उघडून मोकळी हवा घ्या.

लिओन्तिन,

तुझं पत्र दारातल्या पेटीत पडलेलं होतं. सोळाला दुपारी घरी सोडलं मला. सात ते सोळा दवाखान्यात होतो. दहा तारखेचं पत्र तिथूनच लिहिलं, खाटेवर बसून. लीसेलोतनं पेटीत टाकलं. ती परिचारिका आहे. घरी येऊन माझं रक्त, छाती आणि गोळ्या बघते. तू तिच्यासाठी जागा करणार होतीस हे मी तिला सांगितलं. ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

फुप्फुसं गेली आहेत. सगळी नाहीत, पण बरीच. ऑक्टोबरमध्येच कळलं होतं. एक तारखेला मी निघालो होतो, शपथेवर सांगतो. हातात कुंडी होती. बाजारचौकापर्यंत आलो आणि पुढे पाय उचलेना. पायात दम होता, छातीत नव्हता. कारंज्यापाशी बसून राहिलो. मग फुलवाल्याच्या गाडीला हात केला आणि कुंडी त्याच्या हाती दिली. आता नाकाला नळी लावून झोपतो, दिवसाही बराच वेळ. टॅक्सीनं आलो असतो तर तुला नळी दिसली असती. म्हणून जिना रंगवला. जिना रंगवलेला नाही.

डॉक्टर म्हणतात, शेगडी किंवा तुम्ही, दोघांपैकी एकच त्या घरात राहील. भिंतीवर गॅसचा हीटर आहे, बटण दाबलं की लागतो. अडचण गरम होण्याची नाही. सकाळी उठायचं, लाकूड आत आणायचं, फोडायचं, सहाची वाट बघायची, पेटवायचं. पलीकडच्या खुर्चीत इर्मा बसायची. ती गेल्यावर दिवसात एवढं एकच काम उरलंय, लिओन्तिन. ते सोडलं तर सहा ते दहा मी काय करू? काल डॉक्टरच्या तोंडावर हो म्हणालो आणि घरी येऊन पेटवली. तुला ठिपका दिसलाच असेल.

भीती वाटते. हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहिलंय तर राहू दे.

टेकडीवर येणं जमणार नाही.

ओमेर

•

वरची आळी
२१ फेब्रुवारी

ओमेर,

दिसला. अठरा तारखेलाच दिसला, सहा वाजून चार मिनिटांनी. मी टॅबलेटवर ओरडले. शेजारीण विचारायला आली.

आधी शिव्या घालून घेते. चार महिने! एक माणूस नाकाला नळी लावून मला ओल्या रंगाच्या गोष्टी सांगतो आणि मी त्याचं लग्न लावायला निघते. अख्ख्या गावात माझ्याइतकी हुशार बाई नाही. नळी दिसली असती तर काय झालं असतं? माझी कुबडी, माझा शिट्टी मारणारा कान, माझ्या गुडघ्याचे मोजे, हे सगळं तू बघतोसच ना? तुझी एक नळी मला जड झाली असती का?

आता एक सांगते. हे मला कधीच सांगायचं नव्हतं, कारण तू आयुष्यभर चिडवलं असतंस. इर्मा गेल्यापासून, गेली सहा वर्षं, रोज सकाळी उठल्याबरोबर मी मागच्या खोलीच्या खिडकीशी जाते. रोलांची दुर्बीण तिथेच ठेवलेली आहे. खालची सगळी छपरं दिसतात. पुलापासून तिसरं, वाकड्या टोपीचं धुराडं तुझं. रात्रीचे निखारे तू सकाळी हलवतोस, त्याचा बारीक धूर निघतो. तो दिसला की मी म्हणते, उठला बाई म्हातारा. मग कॉफी ठेवते. धूर दिसेपर्यंत ठेवत नाही. धुकं असलं की माझा दिवस वाईट जातो. म्हणून तर मी ती डबी तुझ्या गळ्यात मारली. हवेची पैज हे नुसतं निमित्त होतं. मला धुक्यातसुद्धा तू दिसायला हवा होतास.

कळतंय का तुला मी काय करत होते? सहा वर्षं मी त्या धुराकडे बघून देवाचे आभार मानत होते. जे तुला मारत होतं, त्यावरच मी तुला जिवंत मोजत होते. काल रात्री हे डोक्यात आलं आणि मी खूप रडले, ओमेर.

तेव्हा शेगडी विझव. सहा ते दहा काय करायचं ते मला माहीत नाही, पण तू मेलास तर सहा ते दहा मी काय करू, तेही मला माहीत नाही.

रविवारी मी खाली येतेय. टॅक्सी सांगून ठेवलीय, डॉक्टरला विचारलेलं नाही. जाळ खालूनही दिसत असेल.

लिओन्तिन

•

नदीकाठ
२७ फेब्रुवारी, सोमवार

वारा ईशान्य, ताजा. आकाश स्वच्छ. दोन अंश. वास नाही.

मेव्हणीबाई,

तुला टॅक्सीत बसवून आलो आणि झोपच लागली नाही, म्हणून सकाळी सकाळी लिहितोय.

तू आलीस तेव्हा अंगण रिकामं का होतं, ते तुला काल सांगितलं नाही. आता सांगतो. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जाळाच्या मंडळींना फोन केला. हो, फोन. दोन शब्दांपेक्षा जास्त बोललो. दोघं जण ट्रॅक्टर घेऊन आले आणि दोन हिवाळ्यांचं ओक घेऊन गेले. काल तू खिडकीत उभी राहून म्हणत होतीस ना, की यंदाचा जाळ भलताच उंच आहे, खालूनसुद्धा काय दिसतोय? तो माझा होता. मला तो चढ चढता आला नाही, पण माझं लाकूड चढलं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मशाली एकेक करून जाळाला उत्तर म्हणून पेटल्या, तेव्हा तू माझा हात धरलास. धरलास हे वहीत लिहून ठेवलंय, नाकारू नकोस. एक्कावन्न वर्षं जाळापाशी उभा राहिलो, पण तो एवढ्या लांबवर उत्तर मागतो हे वरून कधी कळलं नव्हतं.

दवाखान्यातून आल्यापासून लीसेलोत रोज येते, आत्ताच येऊन गेली. तिच्या फोनवर बघितलं. काल रात्री तुझा ठिपका जांभळा होता. माझा हिरवा. आयुष्यात एकदा तरी खालच्या गावानं वरच्या गावाला हरवलं.

शेगडी थंड आहे. तिच्यावर पेपर ठेवलेत. परवा संध्याकाळी सहा वाजता हात शिवशिवले, तेव्हा पुढच्या पत्रात तुला काय लिहायचं याचा विचार करत बसलो. साडेसात वाजले. बरं जमलं.

आता तुझ्या दुर्बिणीचं. टॅक्सीत बसताना तू म्हणालीस, धूर नसेल तर आता मला कसं कळायचं, आणि मग तोंड फिरवलंस. मी रात्रभर त्यावर विचार केला. इर्मा रोज सकाळी दुलई वरच्या खिडकीबाहेर वारा खायला टाकायची, ही आपल्याकडची सगळ्याच बायकांची सवय. ती गेल्यावर मी सोडून दिलं होतं. टाकली असती तरी आमच्या हवेत ती संध्याकाळी धुरकटून आत आली असती. आता तशी भीती नाही. लाल-पांढऱ्या चौकड्यांची आहे. बुधवारपासून रोज आठ वाजता मागच्या खिडकीत टाकीन. जिना चढायला मला सात मिनिटं लागतात, मधे दोनदा थांबून. थोडं मागं-पुढं झालं तर लगेच पोलिसांना फोन करू नकोस.

ओमेर

•

वरची आळी
२ मार्च, गुरुवार

ओमेर,

दिसली. काल आठ वाजून दोन मिनिटांनी आणि आज आठ वाजून बारा मिनिटांनी. ती दहा मिनिटं कॉफीचं भांडं हातात घेऊन मी खिडकीशी उभी होते. उद्यापासून पावणेआठलाच जिना चढायला लाग.

सुंदर आहे. एवढ्या सगळ्या करड्या छपरांत तेवढीच एक लाल. काल मी शेजारणीलाही बोलावून दाखवली. ती म्हणाली, कुणाची आहे, एवढं काय तीत. मी म्हटलं, आमची आहे.

आत्ता साडेदहा वाजलेत. पश्चिमेकडून चांगलंच काळं भरून आलंय आणि दुलई अजून बाहेरच आहे. आत घे ती. आपल्या टपालखात्याची गती बघता हे पत्र तुला सोमवारी मिळेल, हे मला माहीत आहे. तरी घे.

लिओन्तिन